हप्त्याची बॅग ठेवली आणि पाना-पेचकस धरला

सकाळी साडेसहाला गाडी काढायच्या आधी मला मळमळायला लागायचं. रोज नाही, पण सोमवारी आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हमखास. बायको म्हणायची रात्री शेंगा चटणी जास्त झाली असेल, आणि मी पण तेच धरून चाललो होतो. दोन वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, शेवटी दुर्बीण घालून तपासणी केली, त्यात काहीच निघालं नाही. डॉक्टर वयस्कर होते, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "काम काय करता?" मी सांगितलं मायक्रोफायनान्समध्ये आहे, कर्जवाटप आणि वसुली बघतो. "आवडतं का?" हे मला त्याआधी कुणी विचारलंच नव्हतं, घरच्यांनी नाही, मित्रांनी नाही, मी स्वतःला पण नाही. मी म्हटलं पगार वेळेवर होतो. त्यांनी परत काही विचारलं नाही, गोळ्या लिहून दिल्या फक्त. पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात, की विचारलं काय आणि आपण उत्तर काय दिलं.

मेकॅनिकल डिप्लोमा केला होता मी, सोलापुरातच. मग आपल्याकडची बहुतेक पोरं करतात तेच केलं, पुण्याला गेलो, चाकणला दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली, आई आजारी पडली म्हणून परत आलो. २०१६ ला ही नोकरी लागली. घरात सगळ्यांना आनंद कशाचा, तर शर्ट इन करून जायचं, गळ्यात आयकार्ड, हात काळे होणार नाहीत. लग्नाच्या बायोडाटात 'फायनान्स कंपनीत अधिकारी' असं लिहिलं वडिलांनी.

काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बायकांचे गट असतात, एकमेकींना जामीन. सकाळी लवकर सेंटर मीटिंग, कुणाच्या तरी ओसरीवर सतरंजी टाकून, सगळ्या जणी हप्ता जमा करतात, आपण मोजायचं, कार्डावर लिहायचं, पुढच्या सेंटरला जायचं. एकीनं नाही भरला तर सगळा गट बसून राहतो, आणि आपण पण. हिशोब, फॉर्म, केवायसी यात माझी कधी चूक झाली नाही, ब्रँचमध्ये माझं काम सगळ्यात नीट असायचं. पण ते बसून राहणं मला जमायचं नाही. समोर बाई विड्या वळतीये, मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू घालायची, गुंडाळायचं, दोऱ्याची गाठ, हात थांबत नाहीत, मान वर करत नाही, आणि आपण तिच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं म्हणजे शेजारपाजारच्यांना दिसलं पाहिजे की वसुलीवाला आलाय. त्या बसण्यानंच पैसे निघतात. मला तिथं बसलं की कानशिलं गरम व्हायची.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. काम वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्यासोबत एक जण होता, आम्ही त्याला भाऊ म्हणायचो, तो त्याच ओसरीवर बसायचा, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, कुणाचा नवरा दारू सोडतो म्हणतोय, सगळं विचारायचा, कधी आवाज चढवला नाही आणि त्याची वसुली सगळ्यात चांगली. संध्याकाळी ताजातवाना असायचा तो. मी घरी येऊन पोरीशी पण बोलायचो नाही. काम तेच, पगार तोच, सेंटरं पण जवळजवळ तीच. त्याला बघूनच मला कळायला लागलं की मी कामचुकार नाही किंवा कमजोरही नाही, हे काम माझ्या पिंडाचं नाही एवढंच.

लॉकडाऊनमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२० हप्त्याला सवलत होती. सोलापूरच्या पूर्व भागात माग बंद, विडी कारखाने बंद, बायकांच्या हाताला काम नाही, आणि सवलत संपली तेव्हा व्याज चढलेलं. तिथून पुढची दीड वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट. रात्री नऊला मॅनेजरचा फोन, लिस्ट वाचून दाखवायची, कोण राहिलं, का राहिलं, किती वेळ बसलास. एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेनं नियम आणला की मायक्रोफायनान्सची वसुली सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहाच्या नंतर करायची नाही. ते वाचून मला इतकं हायसं वाटलं की मी गाडी बाजूला लावून परत एकदा वाचलं. नियम कर्जदारांसाठी होता आणि सुटल्यासारखं मला वाटत होतं, तेव्हाच खरं तर निर्णय झाला असावा. तोंडातून निघायला मात्र वेळ लागला.

वेळ का लागला, तर वडील.

वडील कापड गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागावर. सोलापूरच्या जुन्या लोकांना वेगळं सांगायला नको, गाव भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली तेव्हा मी लहान होतो, आठवतं ते एवढंच की वडील दुपारी घरी दिसायला लागले. पुढं त्यांनी एका अपार्टमेंटवर वॉचमनची नोकरी धरली आणि १९ वर्षं केली. ज्या माणसाला साच्याच्या आवाजावरून धोटा कुठं अडकतोय ते कळायचं, तो माणूस रात्रभर गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचा. मोटार बिघडली, कुणाचा पंखा बंद पडला की तेच खोलून बसायचे, सोसायटीवाले खूश, पण पगार वॉचमनचाच. त्यामुळं आमच्या घरात एकच शिकवण, चालू पगाराला लाथ मारायची नाही. मी त्यांना दोष देत नाही. ज्यानं भोंगा बंद झालेला ऐकलाय त्याला पगार म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

मग ती मशीनची गोष्ट घडली. सोलापूरजवळ कुंभारीला विडी घरकुल आहे ना, कामगारनेते आडम मास्तरांच्या लढ्यातून उभी राहिलेली १० हजार घरांची वसाहत, तिथं माझं एक सेंटर होतं. एक बाई तीन हप्ते थकलेली, चौथ्या वेळी मी गेलो, लिस्टवर तिच्या नावापुढं लाल खूण. दारात शिरलो तर समोरच पायमशीन, वर कपडा झाकलेला. म्हटलं मशीन असून हप्ता का राहतो? ती म्हणाली, "सर, मशीनच चालंना की, टाका सोडलालंय, दोरा गोळा होऊन बसलालाय. व्यापारी परकर परत दिला सगळे." दुरुस्तीवाल्याला द्यायला पैसे नाहीत, मशीन बंद म्हणून हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून मी तिच्या दारात.

मी बॅग खाली ठेवली. पेचकस शेजारून आणला. सुई काढली तर उलटी बसवलेली, सपाट बाजू भलत्याच अंगाला, त्यात टोक पण बोथट. खाली शटल खोललं, आत धाग्याचा आणि धुळीचा गोळा, दाबून दाबून नमद्यासारखा झालेला, तो हेअरपिननं ओढून काढला. तिच्याकडं डब्यात एक जुनी पण सरळ सुई निघाली. तेल म्हणून खोबरेल घालत होती ती, ते पुसून काढलं, माझ्या गाडीच्या डिकीत मशीन ऑइलची लहान बाटली असायची कायम, ती आणून थेंब थेंब सोडलं. चाक हातानं फिरवलं, मग पायानं. चिंधीवर सरळ टाका पडला. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं गेली असतील. त्या वेळात मला मळमळ नाही, कानशिलं गरम नाहीत, घड्याळ बघितलं नाही. तिची सासू आतून बघत होती, तिनं काही न बोलता पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

हप्ता त्या दिवशी मिळाला नाही, उगाच कशाला खोटं सांगू. तीन आठवड्यांनी अर्धा मिळाला, आणि नंतर तिचा नियमित सुरू झाला. मॅनेजरनं मात्र त्या दिवशी सगळ्यांसमोर झापलं की कंपनी तुला मिस्त्रीगिरी करायला पगार देत नाही. बरोबरच होतं त्यांचं. मी त्या रात्री बायकोला पहिल्यांदा म्हटलं, मला हे सोडायचंय.

ती शांत ऐकून घेऊन म्हणाली, "सोड. पण वही घे आधी." पुढचं सगळं मी त्या वहीमुळं करू शकलो. घरखर्च महिन्याला १६ हजार निघाला, पोरीची फी, आईवडिलांची औषधं, गॅस, पेट्रोल सगळं धरून. ठरवलं की सहा महिन्यांचे ९६ हजार बाजूला पडल्याशिवाय राजीनामा नाही, आणि गाडीचे हप्ते आधी संपवायचे, कारण उद्या आपल्याच दारात कुणी येऊन बसायला नको. गल्लीतल्या भिशीचा नंबर लागला त्याचे पैसे तसेच ठेवले. हे जमायला काही महिने लागले. पण त्या महिन्यांत नोकरी सोसायला सोपी झाली होती, कारण शेवट दिसत होता.

त्याच काळात रोज संध्याकाळी साडेसातनंतर मी कन्ना चौकाकडं एका जुन्या मशीन दुरुस्तीवाल्यांकडं जायला लागलो. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. पहिला महिना त्यांनी मला फक्त पुसायला लावलं, बॉबिन केस खोला, रॉकेलनं धुवा, परत लावा. डिप्लोमा झालाय सांगितलं तर म्हणाले, "कागद घरी ठेव, आधी ऐकायला शिक." मग हळूहळू टायमिंग शिकवलं. गारमेंटच्या जुकी मशीनमध्ये सुई तळाला जाऊन साधारण दोन मिलिमीटर वर आली की दोऱ्याचा छोटा फास तयार होतो, नेमकं त्याच क्षणी हुकचं टोक सुईच्या खाचेपाशी यायला पाहिजे आणि तो फास उचलला पाहिजे. जरा आधी आलं किंवा जरा उशिरा, की टाका सुटतो. सुई आणि हुकमध्ये अंतर कागदाएवढं, घासता पण कामा नये. हे तोंडानं सांगून कळत नाही, चाक हातानं सावकाश फिरवत बघत बसावं लागतं, आणि मी तासन् तास बघत बसायचो, कधी कंटाळा आला नाही.

वडिलांना सांगितलं ते राजीनाम्याच्या आठवडाभर आधी. जेवताना सांगितलं. ते भाकरी तशीच ठेवून उठले नाहीत की ओरडले नाहीत, गप जेवले, आणि दोन दिवस माझ्याशी बोललेच नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री गच्चीवर आले. म्हणाले, "गेटवर बसायचो ना मी, रात्री दोनच्या पुढं सगळं गप झालं की मला साचा ऐकू यायचा. एकोणीस वर्षं ऐकत होतो. कुणाला सांगितलं नाही." मग जरा वेळानं विचारलं, "पैशाचं काय केलंयस?" मी वही दाखवली. चष्मा आणून पानन् पान वाचलं त्यांनी, आणि औषधाच्या आकड्यावर बोट ठेवून म्हणाले हा कमी धरलायस.

ऑक्टोबर २०२२ ला राजीनामा दिला. नोटीस ६० दिवसांची. पहिल्याच आठवड्यात हेड ऑफिसमधून फोन, प्रमोशन देतो, ब्रँच बदलून देतो. दोन रात्री झोप लागली नाही, कारण आकडा चांगला होता. वही परत काढली, पण त्या रात्री उत्तर वहीत नव्हतंच, सकाळी गाडी काढताना पोटात जे झालं त्यात होतं. २२ सेंटरं नव्या पोराला लावून दिली, प्रत्येक बाईशी त्याची ओळख करून दिली, रोख आणि कार्डं ताळा करून सह्या घेतल्या. जाताना कुठलाही कागद कच्चा ठेवू नका, हे कळकळीनं सांगतो, कारण मला रिलीव्हिंग लेटर तीन महिन्यांनी मिळालं, ऑडिट बाकी आहे म्हणून, आणि माझ्याकडं हँडओव्हरच्या सह्या होत्या म्हणूनच मिळालं.

ग्रॅच्युइटीचं तर मला कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरी सोडताना कंपनीनं द्यायची ही रक्कम. तेव्हाच्या नियमानं सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ती लागू व्हायची, हिशोब म्हणजे शेवटचा बेसिक (मूळ पगार) अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. माझा बेसिक १२ हजार, डीए नव्हता, वर्षं सहा, म्हणजे ४१,५३८ रुपये. आधी टोलवाटोलवी झाली, मग मी फॉर्म आय भरून पोस्टानं पाठवला, पोहोच ठेवली, आणि ३० दिवसांत द्यावी लागते नाहीतर लेबर ऑफिसला जाईन असं ईमेलवर लिहिलं. पंधरा दिवसांत खात्यात जमा. चौथ्या-पाचव्या वर्षात कंटाळून सोडायला निघालेल्यांनी निदान तारीख तरी मोजावी.

पीएफला वेगळीच अडचण. आधारवर माझं नाव एक, पीएफमध्ये एका अक्षराचा फरक, त्यासाठी कंपनीची सही घेऊन जॉइंट डिक्लरेशन करावं लागलं. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकलीच नव्हती, ती दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते, हे मला सायबर कॅफेवाल्या पोरानं सांगितलं. फॉर्म १९ पीएफच्या पैशांसाठी आणि १० सी पेन्शनच्या भागासाठी. यात माझ्याकडून एक चूक झाली. १० सी वर पेन्शनचे पैसे न काढता स्कीम सर्टिफिकेट घेता येतं, म्हणजे झालेली वर्षं पुढच्या नोकरीत जोडली जातात आणि दहा वर्षं भरली की पेन्शनला पात्र होतो. मी पैसे काढून मोकळा झालो, सहा वर्षं गेली ती गेली. अजून वाईट वाटतं त्याचं. हातात थोडी रक्कम येत होती आणि तेव्हा घरात लागत पण होती.

पुढचे पाच महिने उस्तादांकडं पूर्ण वेळ बसलो, मिळेल ते घेऊन. हा काळ सोपा नव्हता. सासरवाडीत एका लग्नात विचारलं गेलं, "जावईबापू आता काय करतात?" आणि बायकोनं सगळ्यांसमोर सरळ सांगितलं की मशीन दुरुस्त करतात, कामात हुशार आहेत. तिच्या त्या वाक्यावर मी पुढचे किती दिवस काढले. वहीतले पैसे मे महिन्यात संपत आले होते. जून २०२३ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका युनिफॉर्म कारखान्यात मेकॅनिक म्हणून लागलो, १८ हजारावर. आता २३ हजार आहे. जुन्या पगाराला अजून दीड हजार कमीच पडतात, ते मान्य. पण इथं पीएफ आहे, तो परत पहिल्यापासून सुरू झालाय.

साठ मशीनी आहेत माझ्याकडं, सिंगल नीडल, ओव्हरलॉक, काज-बटणच्या दोन. शाळा सुरू व्हायच्या आधीचे चार महिने श्वास घ्यायला वेळ नसतो, सोलापूरचं ऊन ४२-४३ आणि पत्र्याचं शेड. पाय दुखतात, पाठ दुखते. पण इथल्या बायका नगावर काम करतात, मशीन अर्धा तास बंद म्हणजे त्यांचा अर्ध्या तासाचा पैसा बुडाला, म्हणून कुणी हाक मारली की मी धावतो. पूर्वी बाईच्या दारात गेलो की तिचा चेहरा पडायचा. आता मी पेटी घेऊन येताना दिसलो की ती खुर्ची सरकवून जागा करून देते. मळमळ लगेच गेली नाही, चारेक महिने सकाळी साडेसहाला पोट आपोआप गोळा व्हायचं, मग कधी बंद झालं ते कळलं पण नाही.

मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी कारखान्यात पूजा होती तेव्हा वडिलांना घेऊन गेलो. ७१ वर्षांचे आहेत, कानाला आता कमी येतं. ओळीनं मशीनी चालू होत्या, ते मधल्या वाटेनं सावकाश चालले, हात मागं बांधून, आणि एका ओव्हरलॉकपाशी थांबले. तळहात टेबलावर ठेवला. "ही बग की, थरथरलालीय." मला काहीच जाणवलं नव्हतं. संध्याकाळी खोललं तर खालच्या शाफ्टचा स्क्रू ढिला.

परवा भाऊचा फोन आला. मला वाटलं सहज केला असेल. पण तसं नव्हतं, त्याच्या ब्रँचमधला नवा पोरगा, ज्याला मी सेंटरं दिली होती, तो सकाळी गाडी काढताना उलट्या करतोय म्हणाला, आणि भाऊलाच ते कळलं, कारण मला होताना त्यानं बघितलं होतं. पोराशी बोललो. शिवणाची आवड वगैरे काही नाही त्याला, बीएस्सी झालाय, शिकवायला आवडतं म्हणतो, गल्लीतल्या पोरांचं गणित घेतो. नोकरीला साडेतीन वर्षं झालीत. उद्याच राजीनामा देतो म्हणत होता. मी म्हटलं उद्या नको, रविवारी घरी ये, येताना पगाराची स्लिप, पीएफचं पासबुक आणि एक कोरी वही घेऊन ये.